मोफत, फुकट आणि विकत : घरच्या संगणकाचा राखणदार



मागच्या महिन्यात मधल्या सुट्टीत, बटाटेवडे खाता खाता, आपल्या शाळेत एक वाद रंगला. या अंकाचा पाठ त्या वादातूनच तयार झाला आहे.

आपल्या वर्गाचा संगणक तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. एका पालकांनी दिलेला, खिडकीजवळच्या टेबलावरचा. "आजी-आजोबांच्या गोष्टी" या उपक्रमात आपण केलेली सगळी ध्वनिमुद्रणे त्याच्यात आहेत. गोष्ट सांगणाऱ्यांपैकी दोघे जण आता आपल्यात नाहीत. त्यांचे आवाज तेवढे त्या संगणकात आहेत.

तर या संगणकाच्या अँटीव्हायरसची वर्षाची वर्गणी संपत आली होती. ती शाळेच्या निधीतून पुन्हा भरायची का, असा प्रश्न निघाला. एक काका म्हणाले, "पैसे कशाला घालवायचे? विंडोजबरोबर फुकट येतो की!" त्यावर एक मावशी म्हणाल्या, "अहो, फुकटाची जबाबदारी कोण घेणार? पैसे भरले तर निदान फोन करून विचारता तरी येतं." दोघांचेही म्हणणे पटण्यासारखे होते. म्हणून आम्ही शिक्षकांनी मोठ्या गटातल्या मुलांना गृहपाठ दिला : शोधून काढा, काका बरोबर की मावशी?

आधी शब्द पाहू

"मोफत" आणि "फुकट" या दोन्ही शब्दांचा अर्थ पैसे न देता मिळालेले. पण त्यांचा सूर वेगळा आहे. दवाखान्याच्या पाटीवर "मोफत तपासणी" असे लिहितात, "फुकट तपासणी" असे कोणी लिहीत नाही. शिवाय "फुकट" शब्दाला दुसराही अर्थ आहे : वाया. "सगळी मेहनत फुकट गेली" असे आई म्हणते, तेव्हा तिथे पैशांचा संबंध नसतो.

"विकत" म्हणजे पैसे देऊन घेतलेले. पण मराठीत "विकतचे दुखणे" असाही शब्दप्रयोग आहे. आपणच होऊन ओढवून घेतलेल्या त्रासाला तो वापरतात. हे चारही शब्दप्रयोग लक्षात ठेवा. पाठात पुढे ते सगळे कामाला येणार आहेत.

हा विषाणू आला कुठून?

संगणकाचा विषाणू म्हणजे स्वतःच्या प्रती काढत पसरणारी एक आज्ञावली. ती माणसानेच लिहिलेली असते. पीसीवर पसरलेला पहिला विषाणू १९८६ सालचा. त्याचे नाव "ब्रेन". लाहोरमधल्या दोन भावांनी तो लिहिला होता आणि त्यात चक्क आपले नाव, पत्ता आणि फोन नंबर घातला होता. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरून प्रती काढणाऱ्यांना पकडण्यासाठी आपण तो लिहिला, असे त्यांचे म्हणणे होते. तो फ्लॉपीवरून पसरत असे. फ्लॉपी म्हणजे काय, हे घरी बाबांना विचारा. कदाचित माळ्यावरच्या एखाद्या खोक्यात अजून सापडेल.

पुढे १९९२ साली "मायकेलअँजेलो" नावाच्या विषाणूने वर्तमानपत्रे गाजवली. शिल्पकार मायकेलअँजेलोच्या वाढदिवशी, म्हणजे ६ मार्चला, तो संगणकातली माहिती पुसून टाकणार होता. लाखो संगणक बंद पडतील असे बोलले गेले. प्रत्यक्षात नुकसान त्या मानाने फारच थोडे झाले. पण भीतीमुळे अँटीव्हायरसची विक्री मात्र जोरात झाली. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे : या धंद्यात भीती हाही एक माल आहे.

आपण न्यू जर्सीकर. १९९९ च्या मार्चमध्ये पसरलेला "मेलिसा" आपल्याच राज्यातल्या एका माणसाने लिहिलेला होता. ईमेलबरोबर आलेली फाईल उघडली, की तो त्या माणसाच्या यादीतल्या पहिल्या पन्नास जणांना स्वतःच पुढे जाई. पत्र ओळखीच्या माणसाकडून आल्यासारखे दिसे, त्यामुळे लोक ते बेधडक उघडत.

राखणदार काम कसे करतो?

पोलीस चौकीत चोरांचे फोटो लावलेले असतात, तशी अँटीव्हायरसजवळ ओळखीच्या विषाणूंच्या खुणांची एक यादी असते. संगणकात येणारी प्रत्येक फाईल तो या यादीशी ताडून पाहतो. ही त्याची पहिली रीत.

दुसरी रीत वागणुकीवरून ओळखण्याची. समजा, एखादी आज्ञावली धडाधड सगळे फोटो कुलूपबंद करू लागली, तर तिचा फोटो यादीत नसला तरी राखणदार तिला अडवतो. कधी कधी त्याची चूकही होते आणि तो निरुपद्रवी फाईलच पकडतो. तेव्हा होते ते "चोर सोडून संन्याशाला फाशी".

आता महत्त्वाचा मुद्दा. नवे विषाणू रोज निघतात, म्हणून यादीही रोज नवी लागते. अँटीव्हायरस ही एकदा आणून कपाटात ठेवायची वस्तू नव्हे. तो दुधासारखा रोज ताजा लागतो. म्हणजे कुठेतरी काही माणसे रोज बसून ही यादी करत असणार. त्या माणसांचा पगार कोण देतो?

आमच्या मते, मोफत की विकत या वादातला खरा प्रश्न हाच आहे. त्याचे एक उत्तर आपल्याला पुण्यात मिळते.

पुण्याचे दोन भाऊ

कैलाश काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातले. त्यांचे शालेय शिक्षण दहावीच्या पुढे गेले नाही. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात ते नोकरीला लागले, काम शिकले आणि मग त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. पुढे दुरुस्तीसाठी संगणकही येऊ लागले. धाकटे भाऊ संजय यांना त्यांनी संगणकाचे शिक्षण घ्यायला लावले.

दुरुस्तीला येणाऱ्या कित्येक संगणकांत बिघाड सुट्या भागांचा नसे, विषाणूचा असे. संजय यांनी कॉलेजात शिकत असतानाच असे विषाणू काढून टाकणाऱ्या आज्ञावल्या लिहायला सुरुवात केली. त्यातूनच १९९५ साली "क्विक हील" हा अँटीव्हायरस बाजारात आला. २००७ साली कंपनीनेही तेच नाव घेतले आणि २०१६ च्या फेब्रुवारीत तिचे समभाग शेअर बाजारात आले.

इथे हिशेब सरळ आहे. गिऱ्हाईक पैसे देते, त्यातून काम करणाऱ्यांचा पगार निघतो आणि अडचण आली तर गिऱ्हाईक दारात येऊन उभे राहते. मावशी म्हणत होत्या ते हेच.

मग मोफत कसे परवडते?

आता काकांची बाजू. मोफत अँटीव्हायरस एकाच प्रकारचे नसतात. मुलांनी त्यांचे तीन गट पाडले.

पहिला गट : संगणकाबरोबर येणारा. मायक्रोसॉफ्टने २००९ साली घरगुती वापरासाठी मोफत अँटीव्हायरस दिला आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून तो विंडोजमध्येच बसवला. त्याचे नाव डिफेंडर. अॅपलच्या मॅकमध्येही तशीच अंगभूत सोय असते. याला मोफत म्हणायचे, पण त्याची किंमत आपण संगणक घेतानाच मोजलेली असते. सोसायटीच्या देखभाल खर्चात वॉचमनचा पगार असतो, तसेच हे. दुसरा अँटीव्हायरस बसवला, तर डिफेंडर सहसा आपणहून बाजूला होतो. दोन राखणदार एकाच दारात उभे केले, तर ते एकमेकांच्याच पायात येतात.

दुसरा गट : विकणाऱ्या कंपनीचा मोफत नमुना. ही रीत जुनी आहे. जॉन मॅकाफी यांनी १९८७ साली कॅलिफोर्नियात कंपनी काढली, तेव्हा त्यांचा अँटीव्हायरस कोणालाही उतरवून घेता येई. तो आधी वापरून पाहायचा, पैसे मुख्यतः कंपन्यांनी भरायचे. पुढे झेक देशातल्या एव्हीजी आणि अवास्ट यांनी घरगुती वापरासाठी मोफत आवृत्त्या दिल्या आणि त्या जगभर पोचल्या. यात मोफतवाल्यांपैकी काही जण पुढे पैसे भरतील असा हिशेब असतो. म्हणून तर "आता खरेदी करा" अशा खिडक्या सारख्या उघडत राहतात.

तिसरा गट : सर्वांसाठी खुला. उदाहरणार्थ, क्लॅमएव्ही. त्याची आज्ञावली कोणीही वाचू शकतो. पण त्याचा उपयोग जास्त करून मोठ्या यंत्रणांवर, ईमेल तपासण्यासाठी होतो. घरगुती विंडोजला त्याने फारसे साधत नाही.

गायीचे दात मोजा

आपल्याकडे म्हण आहे : धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत. दान मिळालेल्या वस्तूत खोड काढू नये, असा तिचा अर्थ. पाहुणचारात ती अगदी योग्य आहे. संगणकाच्या बाबतीत मात्र दात मोजलेच पाहिजेत.

२०२० च्या जानेवारीत अमेरिकन पत्रकारांनी उघडकीला आणले, की अवास्ट आपल्या वापरकर्त्यांनी इंटरनेटवर काय काय पाहिले याची माहिती जम्पशॉट नावाच्या आपल्याच उपकंपनीमार्फत विकत होती. गवगवा झाल्यावर ती उपकंपनी बंद करण्यात आली. २०२४ च्या फेब्रुवारीत फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणी १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याचा आणि अशी माहिती जाहिरातींसाठी न विकण्याचा आदेश जाहीर केला. जो दारात राखणीला उभा, त्यानेच घरात कोण येते-जाते ते बाहेर विकले, असा हा प्रकार.

पण विकतच्या गायीचेही दात मोजायचे असतात. २००९ साली न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलनी मॅकाफी आणि सिमँटेक या दोन कंपन्यांशी तडजोड केली. प्रत्येकीने ३ लाख ७५ हजार डॉलर भरले. तक्रार अशी होती, की वर्गणी आपोआप पुन्हा कापली जाईल हे गिऱ्हाइकांना नीट सांगितले जात नव्हते. दुसरे उदाहरण २०२४ च्या जूनमधले. रशियन कंपनी कॅस्परस्कीच्या विक्रीवर अमेरिकन सरकारने देशाच्या सुरक्षेच्या कारणावरून बंदी घातली आणि अपडेट देण्यासाठी २९ सप्टेंबरपर्यंतच मुदत दिली. पैसे भरून घेतलेल्यांनाही राखणदार बदलावा लागला.

तेव्हा किंमत पाहून राखणदाराचा प्रामाणिकपणा कळत नाही. त्याचे पोट कशावर चालते, हे विचारावे लागते.

विकतचे दुखणे

आता आपल्याच शाळेतली एक गोष्ट. ज्यांच्या बाबतीत ती घडली, त्या आजोबांनीच "जरूर छापा" असे सांगितले आहे.

हे आजोबा उन्हाळ्यात नातवाकडे राहायला आले होते. एका दुपारी ते लॅपटॉपवर मराठी वर्तमानपत्र वाचत असताना पडदा एकदम लाल झाला आणि भोंगा वाजू लागला. "तुमच्या संगणकात पाच विषाणू आहेत, ताबडतोब या नंबरवर फोन करा," असे त्यावर लिहिले होते. आजोबांनी फोन केला. पलीकडचा माणूस फार अदबीने बोलला. त्याने आजोबांकडून एक आज्ञावली बसवून घेतली आणि तिच्यातून लॅपटॉपचा ताबा मिळवला. मग त्याने "आजीवन संरक्षण" विकत घ्यायला सांगितले, पैसे मात्र गिफ्ट कार्डांनी द्यायचे. आजोबा कार्ड आणायला निघणार, एवढ्यात नातू शाळेतून आला. त्याने लॅपटॉपचे बटण दाबून धरले आणि तो बंद केला.

पैसे वाचले. पण त्या रात्री आजोबा जेवताना कोणाशी बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "तीस वर्षं बँकेत काढली रे मी. लोकांना सावध राहा म्हणून सांगत होतो." नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही घरातल्या वस्तूची काळजी केलीत. त्या माणसाने तुमची काळजीच वापरली."

मुलांनो, त्या लॅपटॉपमध्ये अँटीव्हायरस होता आणि चालूही होता. तो ओरडला नाही, कारण आजोबांनी स्वतःच्या हाताने परवानगी दिली होती. घरधन्यानेच दार उघडले, तर राखणदार काय करणार?

असे झाले तर काय करायचे? नंबरवर फोन करायचा नाही. खरी कंपनी असा भोंगा वाजवून नंबर देत नाही आणि गिफ्ट कार्डांनी पैसे तर मुळीच मागत नाही. खिडकी बंद होत नसेल, तर बटण दाबून संगणक बंद करायचा. कोणाला ताबा दिला गेला असेल, तर दुसऱ्या संगणकावरून पासवर्ड बदलायचे आणि बँकेला फोन करायचा. तो फोनही कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर, ईमेलमधल्या नंबरवर नव्हे. आणि आजी-आजोबांना रागवायचे नाही. रागावलो, तर पुढच्या वेळी ते सांगणारच नाहीत.

भिंतीकडे कोणी पाहिलेच नव्हते

मुलांनी गृहपाठ मांडला त्या रविवारी सहावीतल्या एका मुलीने हात वर केला. "ताई, आपल्या कॉम्प्युटरवर विंडोज १० आहे. त्याचे अपडेट थांबलेत."

तिचे बरोबर होते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबवले. घरगुती वापरकर्त्यांना वर्षभराची मुदतवाढ घेण्याची सोय होती, पण त्यासाठी नाव नोंदवावे लागे आणि आम्ही ते नोंदवले नव्हते. डिफेंडरची यादी विंडोज १० वर त्यानंतरही येत राहील, असे कंपनीने सांगितले होते. म्हणजे राखणदार कामावर, पण पडक्या भिंती लिंपणारा गवंडी मात्र गेलेला. आम्ही मोठी माणसे राखणदाराच्या पगारावरून वाद घालत होतो, आणि भिंतीकडे कोणी पाहिलेच नव्हते.

अशा भिंतीतून काय येते, हे २०१७ च्या मे महिन्यात जगाने पाहिले. "वॉनाक्राय" विषाणूने फाईली कुलूपबंद करून खंडणी मागितली. इंग्लंडमधल्या इस्पितळांची कामेही त्याने अडली. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो वेळेवर घेतला, त्यांच्याकडे त्याला त्या वाटेने शिरता आले नाही.

आपण काय ठरवले?

काका आणि मावशी दोघेही हजर असताना सर्वांच्या संमतीने असे ठरले :

१. जुना संगणक इंटरनेटपासून तोडायचा. तो फक्त गोष्टी ऐकण्यासाठी वापरायचा.

२. अँटीव्हायरसची वर्गणी पुन्हा भरायची नाही, आणि ती आपोआप कापली जाणार नाही याची खात्री करून घ्यायची. त्या पैशांतून दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्यायच्या. आजी-आजोबांच्या गोष्टींची एक प्रत शाळेत, एक प्रत एका पालकांच्या घरी. काम झाले की डिस्क संगणकापासून काढून ठेवायची, कारण जोडलेली डिस्क विषाणूच्याही हाताला लागते. तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही.

३. पुढे नवा संगणक मिळाला, तर त्याच्यातला अंगभूत अँटीव्हायरस वापरायचा आणि अपडेट आपोआप होऊ द्यायचे.

मग मावशींचे म्हणणे चुकले का? आम्हाला तसे वाटत नाही. घरात पाच-सहा यंत्रे असतील, लहान मुलांसाठी काही बंधने घालायची असतील, किंवा अडचणीत फोनवर मदत हवी असेल, तर विकतचा अँटीव्हायरस जरूर घ्यावा. मात्र तो कंपनीकडून किंवा नेहमीच्या दुकानातूनच घ्यावा, आणि पहिल्या वर्षाची सवलत संपल्यावर किती पडतील ते आधी वाचावे. बाकीच्या घरांना अंगभूत राखणदार, वेळेवर अपडेट आणि वेगळी ठेवलेली प्रत एवढे सहसा पुरते. मोफत घ्या की विकत घ्या, घरातल्या आठवणी फुकट जाता कामा नयेत.

मागच्याच रविवारी दोन्ही डिस्कवर प्रती निघाल्या. नीट निघाल्या की नाही, हे पाहायला आम्ही एक गोष्ट लावली. आजींचा आवाज आला, "ऐकताय ना रे सगळे?" आणि छोट्या गटातली मुले सवयीने म्हणाली, "हो!"

स्वाध्याय

१. "फुकट" शब्द दोन्ही अर्थांनी वापरून दोन वाक्ये लिहा.

२. "विकतचे दुखणे" हा शब्दप्रयोग आजोबांच्या गोष्टीला कसा लागू पडतो, ते तीन ओळींत सांगा.

३. म्हणी पूर्ण करा : (अ) चोर सोडून ______ (आ) धर्माच्या गायीचे ______ (इ) पुढच्यास ठेच, ______

४. पालकांबरोबर करायचे काम : घरच्या प्रत्येक संगणकासाठी चार गोष्टी पाहून वहीत लिहा. विंडोज किंवा मॅकची कोणती आवृत्ती आहे? अपडेट शेवटचा कधी झाला? अँटीव्हायरस कोणता, आणि त्याचे पैसे कोण देते? फोटोंची दुसरी प्रत कुठे आहे?

५. भारतातल्या आजी-आजोबांना या रविवारी फोन करा आणि लाल पडद्याची गोष्ट मराठीतून सांगा.

शब्दार्थ

आज्ञावली : संगणकाने काय करायचे ते सांगणाऱ्या सूचनांचा संच. वर्गणी : ठरावीक काळाने भरायची रक्कम. ध्वनिमुद्रण : आवाज टिपून ठेवणे. अंगभूत : मुळातच असलेले. खंडणी : धाक दाखवून उकळलेले पैसे. लिंपणे : माती किंवा चुन्याने भेगा बुजवणे.

वह्या पुढच्या रविवारी तपासायला आणाव्यात.